जाणारी बासरी, येणारी बासरी

रेकॉर्डर हे वाद्य मुंबईत बहुतेकांना भेटतं ते प्लॅस्टिकच्या रूपात. कॉन्व्हेंटमधल्या तिसरी-चौथीच्या मुलाच्या दप्तरात कंपासपेटीशेजारी एक क्रीम रंगाची नळी असते आणि संध्याकाळी सोसायटीच्या कुठल्या तरी मजल्यावरून तिचा चिरका आवाज येत राहतो. बोरीवलीत, त्यातही आय. सी. कॉलनीच्या बाजूला, हा आवाज कुकरच्या शिट्टीइतका ओळखीचा आहे. पोर मोठं झालं की गिटारकडे किंवा कीबोर्डकडे वळतं आणि नळी माळ्यावर जाते. त्यामुळे 'रेकॉर्डरसाठी लिहिलेला कॉन्चेर्तो' असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक समजूतदार हसू येतं. लहान मुलांच्या सायकलींची शर्यत आहे म्हटल्यावर येईल तसं.

मला ज्या रचनेबद्दल लिहायचं आहे तिच्यात हे वाद्य आहे, आणि त्याला शेजारी मिळाला आहे तो नेमका त्याला पुढे घराबाहेर काढणारा. गेऑर्ग फिलिप टेलेमानचा ई मायनरमधला कॉन्चेर्तो: रेकॉर्डर, आडवी बासरी, तंतुवाद्यं आणि खर्जाच्या सुरांवर स्वरसंगती भरत जाणारी हार्प्सिकॉर्डची साथ. टेलेमानच्या रचनांच्या सूचीत तो टीडब्ल्यूव्ही ५२:ई१ या क्रमांकाने सापडतो. चार भाग, सगळे मिळून चौदा-पंधरा मिनिटं. बोरीवलीहून चर्चगेट फास्टमध्ये बसलात तर बांद्रा येण्याआधी संपतो.

टेलेमानबद्दल एक मत रूढ आहे आणि पाश्चात्त्य संगीत थोडंफार ऐकणारे मराठी लोकही ते सहज बोलून जातात: लिहिलं उदंड, पण खोली नाही. बाख म्हणजे समुद्र आणि टेलेमान म्हणजे नळाला चोवीस तास पाणी. हे मत मला चुकीचं वाटतं. टेलेमान हा झाकलेला बाख होता असा माझा दावा नाही. तो बाख नव्हताच. त्याच्याकडे एक वेगळा गुण होता, आणि खोली मोजायची फूटपट्टी लावली की तो गुण दिसत नाही. या कॉन्चेर्तोत तो उघड्यावर आहे.

आधी दोन वाद्यांचा फरक नीट सांगायला हवा, कारण सगळी गंमत त्याच्यावर उभी आहे. रेकॉर्डर म्हणजे आपलं अलगूज. उभं धरायचं, चोच तोंडात घ्यायची, फुंकायचं. चोचीत लाकडाचा एक ठोकळा असतो, त्यामुळे हवेची वाट ठरलेली असते. हवा आपोआप धारेवर जाऊन आपटते आणि सूर निघतो. म्हणूनच लहान मुलाच्या हातात दिलं तरी पहिल्या फुंकेला आवाज येतो. पण जी सोय तीच अडचण. जोरात फुंकलं तर सूर मोठा होतो आणि त्याबरोबर चढतोही. हळू फुंकलं तर उतरतो. म्हणजे लहान-मोठ्या आवाजाचा खेळ जवळपास बंद. वादकाकडे उरतात जीभ, बोटं आणि वेळ: सूर कुठे तोडायचा, किती लांबवायचा, किंचित उशिरा कधी यायचं.

आडव्या बासरीत तो ठोकळा नाही. हवेची वाट ओठांनी तयार करावी लागते. शिकायला त्रासदायक, पण एकदा जमलं की ओठांचा कोन बदलून सूर सांभाळत आवाज कमी-जास्त करता येतो. उसासा टाकता येतो. अठराव्या शतकातली आडवी बासरी लाकडाची होती आणि तिला जेमतेम एक चावी असे. काही सूर मोकळे यायचे, काही दबलेले, धुक्यातून आल्यासारखे. आज ऑर्केस्ट्रात दिसणारी चावीवाली धातूची बासरी ही एकोणिसाव्या शतकातली, थेओबाल्ड ब्योमच्या कारखान्यातली गोष्ट.

त्या काळात स्वरलेखनात नुसतं 'फ्लाउटो' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ रेकॉर्डर. आडवी हवी असेल तर मुद्दाम 'त्राव्हेर्सो' असं सांगावं लागे. पन्नासएक वर्षांत हे उलटं झालं. बासरी म्हणजे आडवी असं ठरलं आणि रेकॉर्डरला स्वतःच्या नावावरही हक्क उरला नाही. दिवाणखाने मोठे झाले, भावनेचे चढउतार आवाजातून दाखवायची नवी रीत आली आणि प्रशियाचा राजा फ्रेडरिक स्वतः आडवी बासरी वाजवायला लागला. त्याचे गुरू क्वान्ट्झ यांनी १७५२ मध्ये या बासरीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रेकॉर्डर मैफिलीतून जवळपास नाहीसा झाला.

आमच्या धंद्यात याला 'डेप्रिकेटेड' म्हणतात. अजून चालतं आहे, पण नवीन कामात वापरू नका, पुढच्या आवृत्तीत काढून टाकणार आहोत. आणि आमचा अनुभव असा, की अशा गोष्टीला नव्या व्यवस्थेशी जोडताना कोणीतरी एक पक्ष घेतोच. जुन्याला एक आवरण घालून कोपऱ्यात चालू ठेवतात किंवा नव्याला जुन्याची नक्कल करायला लावतात. दोघांना सारखं वागवणारी जोडणी क्वचितच बघायला मिळते.

टेलेमान नेमकी तीच करतो. पहिल्या लार्गोमध्ये तंतुवाद्यं संथ जमीन तयार करतात आणि वर ही दोघं येतात. एकाने सूर धरला की दुसरा त्याच्या खालून सरकतो, सूर एकमेकांना घासतात, सुटतात, मग भूमिका बदलतात. नंतर तिसऱ्या सुराचं अंतर ठेवून जोडीने चालायला लागतात. पहिल्यांदा ऐकताना मला कुठलं वाद्य कुठलं हे ओळखू येत नव्हतं. पाच-सहा वेळा ऐकल्यावर कळायला लागलं: कडा असलेला, सरळ, थोडा काचेसारखा सूर रेकॉर्डरचा, आणि ज्याच्या सुरुवातीला श्वासाचा बारीक खरखरीत स्पर्श आहे तो बासरीचा. मग लक्षात आलं की एका वाद्यात जे नाही ते दुसऱ्याला करायला लावून पहिल्याला ओशाळं करण्याची एकही जागा या भागात नाही. बासरीला उसासे टाकता येतात म्हणून तिला उशाशांची ओळ दिलेली नाही. रेकॉर्डरला चपळ जीभ आहे म्हणून त्याला एकट्याला तानबाजी दिलेली नाही. ओळ एकच. ती ज्या तोंडातून येईल त्या तोंडाची होते.

आपल्याकडचा श्रोता हे ऐकून म्हणतो, जुगलबंदी आहे. मला तो शब्द इथे अडतो. आपल्या जुगलबंदीत सवाल-जवाब असतो, तिथे टाळ्या पडतात, आणि कितीही सौजन्य असलं तरी घरी जाताना श्रोते कोण वरचढ ठरलं याची चर्चा करतात. 'कॉन्चेर्तो' या शब्दाची व्युत्पत्तीसुद्धा दोन तोंडांची सांगतात. लॅटिनमध्ये तो झुंजण्याकडे झुकतो, इटालियनमध्ये जुळवून घेण्याकडे. विवाल्दीच्या कितीतरी कॉन्चेर्तोंत झुंज ऐकू येते, एकल वादक विरुद्ध सगळे. टेलेमानने इथे दुसरा अर्थ निवडला आहे. चुरस आहे, पण ती दोन भावांनी एकच गोष्ट पाहुण्यांना सांगताना असते तशी, वाक्य एकाने सुरू करायचं आणि दुसऱ्याने संपवायचं.

दुसरा भाग, अलेग्रो, मला चौघांत कमी आवडतो. ऑर्केस्ट्रा ठरलेला भाग घेऊन परत परत येतो आणि मधल्या मोकळ्या जागांत दोघं पळतात. चांगलं घडवलेलं आहे, पण काही ठिकाणी एकच आकृती एक-एक पायरी खाली सरकवत नेण्याची त्या काळाची सवय इथेही आहे, आणि चौथ्या पायरीला आपण पाचवी ओळखतो. टेलेमान उदंड लिहायचा हे इथे जाणवतं. हात लिहितो आहे, डोकं पुढच्या भागात गेलं आहे.

पुढचा भाग म्हणजे तिसरा, पुन्हा लार्गो. मायनर मागे पडतो आणि मेजर येतो, खिडकी उघडल्यासारखा. तंतुवाद्यं गज खाली ठेवतात आणि बोटांनी तारा छेडायला लागतात. एवढीच युक्ती, पण परिणाम बघा. गजाने निघणारा लांब सूर काढून घेतला की सूर लांबवणारे उरतात फक्त हे दोन फुंकवाले. खाली ठिपके, वर रेघा. रेकॉर्डरचा आवाज लहान, त्याला जागा हवी असते, आणि ती इथे कोणी उपकार केल्यासारखी न देता सगळ्या खोलीचीच बोलण्याची पट्टी खाली आणून दिली आहे. घरात आजोबांना कमी ऐकू येत असेल तर दोन प्रकारची माणसं असतात. एक त्यांच्याशी ओरडून बोलतात. दुसरी टीव्ही बंद करतात.

बाखशी तुलना टाळून चालणार नाही. त्याने १७२१ मध्ये ब्रांडेनबुर्गच्या मार्ग्रेव्हला सहा कॉन्चेर्तो अर्पण केले. दुसऱ्यात एक रेकॉर्डर आहे, चौथ्यात दोन. पाचव्यात आडवी बासरी आहे. एकाच संचात दोन्ही वाद्यं, पण समोरासमोर कधीच नाहीत. दुसऱ्यात रेकॉर्डरला ट्रम्पेटशेजारी उभं केलं आहे आणि तो तोल सांभाळताना आजही वादकांना घाम फुटतो. बाखला ती अशक्य चौकट सोडवण्यात रस आहे. चौथा मला टेलेमानच्या कुठल्याही कॉन्चेर्तोपेक्षा मोठा वाटतो आणि ते म्हणण्यात संकोच नाही. पण त्यातही व्हायोलिन एकदा सुटलं की दोन रेकॉर्डर बाजूला होऊन बघत राहतात. बाख वाद्याला विचार करायला लावतो. टेलेमान वादकाला विचारतो, तुला इथे बरं वाटतंय ना? तो स्वतः रेकॉर्डर आणि व्हायोलिन वाजवायला लहानपणीच शिकला होता. बाराव्या वर्षी त्याने ऑपेरा लिहिला तेव्हा आईने त्याची वाद्यं काढून घेतली, आणि पुढे कायदा शिकायला लाइपझिगला पाठवलं. (ही गोष्ट मराठी घरात समजावून सांगावी लागत नाही.) वाजवणाऱ्याच्या बोटांची काळजी त्याच्या लेखनात सगळीकडे आहे.

खोलीच्या फूटपट्टीबद्दल एक किस्सा सांगण्यासारखा आहे. फिलिप स्पिटा आणि अल्बर्ट श्वाइत्झर हे बाखचे दोन थोर चरित्रकार. त्यांनी टेलेमानच्या कॅन्टाटांना नावं ठेवली आणि बाखच्या म्हणून ज्या रचनांचं कौतुक केलं त्यांतल्या काही नंतर टेलेमानच्या निघाल्या. बाखच्या सूचीतला १६० क्रमांक हा त्यांतलाच. म्हणजे कान दाद देत होता आणि नाव वाचलं की हात आखडत होता. समकालीनांचा हिशेब तर निराळाच होता. १७२२ मध्ये लाइपझिगच्या सेंट थॉमसच्या जागेसाठी नगरपालिकेने आधी टेलेमानला निवडलं. त्याने ते निमंत्रण दाखवून हाम्बुर्गमध्ये पगार वाढवून घेतला आणि तिथेच राहिला. ही युक्तीही आमच्या क्षेत्रात कोणाला नवीन वाटणार नाही. ती जागा पुढच्या वर्षी बाखला मिळाली. दोघांत वैर नव्हतं. बाखच्या मुलाचं, कार्ल फिलिप एमानुएलचं, मधलं नाव टेलेमानवरून आहे, कारण टेलेमान त्याचा धर्मपिता होता.

आता शेवटचा भाग, प्रेस्टो. इथे दिवाणखान्याचं दार लाथेने उघडलं जातं. खाली एकच सूर धरून ठेवलेला, घट्ट, आणि वर एक आखूड, ठेका आपटणारी धून पुन्हा पुन्हा. सनई-चौघडा ऐकलेल्या माणसाला त्या खालच्या सुराचं काही वाटणार नाही. आपल्याकडे एक जण बसलेलाच असतो सूर धरून, गाल फुगवून, आणि त्याचं नाव कोणी विचारत नाही. युरोपीय दरबारी संगीतात मात्र असा अडून बसलेला सूर म्हणजे गावाकडची वस्तू, बॅगपाइपची. हा ठेका पोलंडचा आहे.

टेलेमान १७०५ मध्ये झोराऊ इथल्या काउंट एर्डमानच्या दरबारात रुजू झाला. हे गाव आज पोलंडमध्ये झारी म्हणून ओळखलं जातं. काउंटबरोबर तो प्लेस आणि क्राकूवला जाई. तिथल्या खानावळींत त्याने पोलिश वादक ऐकले. १७४० मध्ये छापल्या गेलेल्या आत्मवृत्तात तो त्यांच्याबद्दल भरभरून लिहितो. एकदा तर छत्तीस बॅगपाइप आणि आठ व्हायोलिनं एकत्र ऐकल्याचं तो सांगतो, आणि म्हणतो की लक्ष देणाऱ्याने आठ दिवस त्यांना ऐकलं तर आयुष्यभर पुरेल एवढ्या कल्पना मिळतील. त्या संगीताला आपण इटालियन अंगरखा चढवला असंही त्याने मोकळेपणाने कबूल केलं आहे. (१७३७ मध्ये बोरीवलीसकट साष्टी पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली आणि १७३९ मध्ये वसई. मंडपेश्वरच्या गुंफांच्या डोक्यावर पोर्तुगीज मठाचे अवशेष उभे आहेत त्यांच्याजवळून जाताना मला ही वर्षं आठवतात. बरोक हा शब्द आपण फार लांबचा समजतो.)

अंगरख्याचा मुद्दा मुंबईत बसून ऐकणाऱ्याला सोडवत नाही. आपल्या शहराने हाच उद्योग उलट्या बाजूने केला आहे. गोव्यात चर्चच्या शाळांत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेले वादक मुंबईच्या स्टुडिओंत आले आणि त्यांनी आपल्या रागांना, ठेक्यांना, गाण्यांना पाश्चात्त्य अंगरखा शिवला. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसोझा होते. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसनी १९५८ मध्ये मुंबईत ऑर्केस्ट्रा उभा करून रागांवर आधारित रचना बसवल्या आणि आज लोकांना ते आठवतात ते १९७७ च्या एका सिनेमातल्या गाण्यामुळे. शिंप्याचं नाव अंगरख्यावर नसतं. टेलेमानच्या बाबतीत शिंप्याचं नाव राहिलं आणि कापड विणणारे गेले. छत्तीस बॅगपाइपवाल्यांपैकी एकाचंही नाव त्याने लिहिलेलं नाही. त्याने ऋण मान्य केलं, एवढं त्या काळात पुष्कळ होतं असं म्हणता येईल. मला ते पुष्कळ वाटत नाही. पण प्रेस्टो ऐकताना एक गोष्ट मान्य करावी लागते: त्यात खेडुतांची नक्कल करून दरबाराला हसवण्याचा सूर नाही. तशी नक्कल त्या काळात सर्रास चालत असे. इथे दोन्ही बासऱ्या, दरबारातली जुनी आणि दरबारातली नवी, खानावळीच्या धुनेपुढे सारख्याच पाहुण्या आहेत आणि दोघींनाही तिच्या वेगाने पळावं लागतं.

आडव्या बासरीला असं वर चढताना आपल्या बाजूलाही पाहिलं गेलं आहे, आणि तेही बोरीवलीपासून दोन स्टेशनांवर. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये काम करणाऱ्या पन्नालाल घोष यांनी बांबूची बासरी लांब केली, तिचा आवाज खर्जात नेला आणि जिला लोकसंगीतातलं वाद्य समजत होते तिच्यावर ख्याल वाजवला. ते १९६० मध्ये गेले तेव्हा बासरी मैफिलीचं वाद्य झालेली होती. अलगूज मात्र जत्रेतच राहिलं. त्या दोघांना एका बैठकीवर बसवणारा कोणी आपल्याकडे भेटला नाही.

रेकॉर्डरचं पुढे काय झालं? तो परत आला तो हरवल्यामुळे. इंग्लंडमधल्या आर्नल्ड डोल्मेच यांच्याकडे एक जुना अस्सल रेकॉर्डर होता. १९१९ मध्ये लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर त्यांच्या लहान मुलाच्या हातून त्याची पिशवी फलाटावर राहिली. डोल्मेचनी जुन्या मापांवरून नवीन घडवला. तिथून वाद्य पुन्हा बनायला लागलं, १९३० च्या दशकात इंग्लिश शाळांत गेलं, युद्धानंतर प्लॅस्टिकचं झालं आणि फिरत फिरत आमच्या सोसायटीच्या जिन्यात पोचलं. ते मोठ्या माणसांचं वाद्य आहे हे पुन्हा पटवायला हॉलंडचे फ्रान्स ब्र्युखेन यांच्यासारखे वादक यावे लागले.

हा कॉन्चेर्तो ऐकायचा असेल तर एक पथ्य पाळा. दोन्ही भाग चांदीच्या आधुनिक बासऱ्यांवर वाजवलेली ध्वनिमुद्रणं मिळतात. ती गोड असतात आणि निरुपयोगी असतात, कारण त्यांत एकच माणूस आरशाशी बोलत बसतो. रेकॉर्डरसमोर आधुनिक धातूची बासरी हा पर्याय त्याहून वाईट: तिला सतत आवाज दाबावा लागतो आणि ते ऐकू येतं. जुन्या पद्धतीची लाकडी आडवी बासरी आणि लाकडी रेकॉर्डर असंच मुद्रण शोधा. सुरुवात तिसऱ्या भागापासून केली तरी चालेल, जिथे तारा छेडल्या जातात तिथून. मग थांबू नका, लगेच प्रेस्टो येऊ द्या. आणि खाली जो एक सूर धरून बसला आहे त्याच्याकडे लक्ष ठेवा.